जनुकांचं पाणी कोण सोडतं?

लग्नाच्या पंगतीत बासुंदीची वाटी आली की काही मंडळी ती हळूच शेजारच्या पानाकडे सरकवतात. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : "दूध सोसत नाही हो मला. पोट डब्ब होतं." हीच मंडळी त्याच पंगतीत मठ्ठ्याचे दोन पेले आरामात रिचवतात. आणखी एक गंमत अशी की यांतला जवळजवळ प्रत्येक जण तान्हेपणी दुधावरच वाढलेला असतो. ज्या पोटानं सहा महिने दुधाखेरीज काही पाहिलं नाही, त्याच पोटाला चाळिशीत अर्धा पेला दूध जड का जावं?

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोन लहान साखरा एकमेकींना जोडून ती तयार झालेली असते. आतड्याला ही जोडी शोषून घेता येत नाही, आधी ती तोडावी लागते. तोडण्याचं काम लॅक्टेज हे विकर करतं आणि ते लहान आतड्याच्या अस्तरातल्या पेशी तयार करतात. विकर पुरेसं नसेल तर साखर अख्खीच्या अख्खी मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जिवाणू तिच्यावर ताव मारतात, वायू धरतो आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. मठ्ठा चालतो, कारण दह्यातल्या जिवाणूंनी काही साखर आधीच आंबवून संपवलेली असते आणि उरलेली तोडायलाही त्यांची मदत होते.

विकर कमी पडतं हे समजलं, पण ते कमी का पडतं? लॅक्टेज कसं बनवायचं याची माहिती आपल्या दुसऱ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात असते. वय वाढलं म्हणून ते जनुक हरवत नाही, झिजतही नाही. दूध न सोसणाऱ्या साठीच्या गृहस्थांच्या पेशीतलं हे जनुक तपासलं तर ते शाबूत सापडतं, पण वाचलं मात्र जात नाही. जगातल्या साधारण दोन तृतीयांश प्रौढांची हीच स्थिती आहे. गाय, मांजर, उंदीर या सगळ्या सस्तन प्राण्यांत दूध तुटलं की लॅक्टेजही आटतं. म्हणजे बासुंदी नाकारणाऱ्यांचं पोट निसर्गाच्या रीतीप्रमाणे चाललेलं असतं. नवल करायचं तर साठीतही बासुंदी पचवणाऱ्यांचं करायला हवं.

नळ घरोघरी, पाणी वेळेवर

माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर लांब भरेल. त्यात प्रथिनं बनवण्याची माहिती असलेली साधारण वीस हजार जनुकं आहेत आणि तीच्या तीच वीस हजार जवळपास प्रत्येक पेशीत आहेत. डोळ्याच्या पडद्यातल्या पेशीतही लॅक्टेजचं जनुक असतं आणि आतड्यातल्या पेशीतही प्रकाश ओळखणाऱ्या प्रथिनाचं जनुक असतं. तरी आतड्याला दिसत नाही आणि डोळा दूध पचवत नाही.

दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात राहिलेल्यांना हे पटकन कळेल. नळ घरोघरी असतो, गल्लीतून पाइप गेलेला असतो, टाकीही एकच असते. तरी सकाळी सहाला वरच्या आळीत पाणी येतं आणि खालच्या आळीला नऊ वाजेपर्यंत थांबावं लागतं. नगरपालिकेचा माणूस लांब दांड्याची किल्ली घेऊन सायकलवरून येतो, कोपऱ्यावरच्या खड्ड्यातला व्हॉल्व्ह फिरवतो आणि त्या आळीचे नळ वाहू लागतात. घरातला नळ कितीही चांगला असला तरी तो माणूस फिरकला नाही तर हंडा कोरडाच राहतो.

पेशीत नळाच्या जागी जनुक आहे. जनुकातली माहिती वापरायची तर आधी तिची आरएनए या रेणूच्या रूपात नक्कल काढावी लागते आणि त्या नकलेवरून प्रथिन तयार होतं. नक्कल काढणारं यंत्र जनुकाच्या तोंडाशी बसतं. ते कधी बसेल, किती वेळा बसेल, हे डीएनएच्याच काही छोट्या तुकड्यांवर अवलंबून असतं. या तुकड्यांतून स्वतः कोणतंही प्रथिन बनत नाही. ते कोपऱ्यावरचे व्हॉल्व्ह आहेत. आणि किल्ली घेऊन येणारा माणूस म्हणजे नियामक प्रथिनं. त्यांना डीएनएवरचा ठरावीक अक्षरक्रम, म्हणजे त्याच्या रासायनिक घटकांचा क्रम, ओळखता येतो. ती तिथे जाऊन चिकटतात आणि नक्कल सुरू करून देतात किंवा अडवून धरतात.

व्हॉल्व्ह नळाला लागूनच असतो असंही नाही. तो हजारो अक्षरं दूर असू शकतो. डीएनए धाग्यासारखा लवचीक असल्यामुळे मधला भाग वळसा घेतो आणि दूरचा व्हॉल्व्ह जनुकाच्या तोंडाशी येऊन टेकतो. शिवाय हा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या गोळ्यांभोवती गुंडाळलेला असतो. गुंडाळी घट्ट असेल तर किल्लीवाल्याला व्हॉल्व्हपर्यंत पोचताच येत नाही. आतड्याच्या पेशीत डोळ्याची जनुकं अशीच घट्ट गुंडाळून ठेवलेली असतात.

नगरपालिकेपेक्षा पेशी एका बाबतीत फार पुढे आहे. तिथे किल्लीवाला हेही एक प्रथिनच, म्हणजे तो स्वतः दुसऱ्या कुठल्या तरी जनुकातून आलेला. त्या जनुकालाही व्हॉल्व्ह आहे आणि तो फिरवणारा तिसराच कुणी आहे. एकमेकांच्या किल्ल्या सांभाळणाऱ्यांचं हे एवढं मोठं जाळं आहे की त्याचा पुरता नकाशा अजून कुणाकडेही नाही.

आता परत बासुंदीकडे. फिनलंडमधल्या संशोधकांनी २००२ साली दूध पचणाऱ्या आणि न पचणाऱ्या कुटुंबांचा डीएनए ताडून पाहिला. लॅक्टेजच्या जनुकात फरक सापडला नाही. तो सापडला सुमारे चौदा हजार अक्षरं अलीकडे, तेही शेजारच्या एका वेगळ्याच जनुकाच्या हद्दीत. आपल्या नळाचा व्हॉल्व्ह शेजाऱ्याच्या दारात असावा तसा. तिथे 'सी' या अक्षराच्या जागी 'टी' आलं की व्हॉल्व्ह मोठेपणीही बंद होत नाही. गुरं पाळून दुधावर जगणाऱ्या समाजांत हा बदल टिकला आणि पसरला. भारतातही हाच बदल सापडतो. वायव्येकडे त्याचं प्रमाण जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी. पूर्व आफ्रिकेतल्या पशुपालकांमध्येही मोठेपणी दूध पचतं, पण तिथे बदललेली अक्षरं वेगळी आहेत, व्हॉल्व्ह मात्र तोच. एकच युक्ती निसर्गाला दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सापडली.

चौकट : 'सोसत नाही' आणि 'ॲलर्जी'

लॅक्टोज न पचणं आणि दुधाची ॲलर्जी यांत गल्लत करू नका. पहिल्यात साखर तुटत नाही. त्रास पोटापुरता असतो, किती दूध प्यायलं यावर अवलंबून असतो आणि दही-ताक बहुधा चालतं. ॲलर्जीत शरीराची प्रतिकारयंत्रणा दुधातल्या प्रथिनांवर उलटते. ती प्रामुख्यानं लहान मुलांत दिसते. अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, धाप लागणं असं होऊ शकतं आणि थोड्याशा दुधानंही होऊ शकतं. अशा मुलाला दही देऊन पाहण्याचा प्रयोग घरी करू नये.

पॅरिसच्या पोटमाळ्यावर

जनुकांना व्हॉल्व्ह असतात हे माणसाच्या पेशीत प्रथम कळलं नाही. ते कळलं आतड्यातल्या एका जिवाणूमुळे, आणि योगायोग पाहा, तिथेही मामला दुधाच्या साखरेचाच होता.

जाक मोनो हे पॅरिसमधले तरुण संशोधक १९४० च्या सुमारास, ऐन महायुद्धात, जिवाणूंना दोन-दोन साखरा एकत्र खायला घालून त्यांची वाढ मोजत होते. जिवाणू दोन्ही एकदम खात नसत. ग्लुकोज असेल तर आधी तेच संपवत, मग वाढ काही वेळ थांबे आणि थोड्या वेळानं दुसऱ्या साखरेवर पुन्हा सुरू होई. आलेखावर दोन चढ आणि मधे एक सपाट टप्पा. या सपाट टप्प्यात चाललंय काय, या प्रश्नानं मोनोंची पुढची वीस वर्षं घेतली. मधे ते जर्मनांविरुद्धच्या भूमिगत चळवळीतही होते.

युद्धानंतर पाश्चर संस्थेच्या पोटमाळ्यावरच्या प्रयोगशाळेत त्यांना फ्रांस्वा जाकोब भेटले. जाकोबना शल्यविशारद व्हायचं होतं, पण युद्धातल्या जखमांनी तो मार्ग बंद केला होता. ते विषाणूंवर काम करत. काही विषाणू जिवाणूच्या डीएनएत गपचूप दडून बसतात आणि एके दिवशी अचानक जागे होतात. १९५८ साली पत्नीबरोबर चित्रपट पाहायला गेलेले असताना जाकोबना जाणवलं की दडलेला विषाणू आणि लॅक्टोजची झोपलेली जनुकं यांचं गणित एकच आहे : दोन्हीकडे कुणीतरी दाबून धरलेलं आहे. जाकोबनीच नंतर लिहून ठेवलंय की चित्रपट कंटाळवाणा होता. विज्ञानाचं नशीब म्हणायचं.

१९६१ च्या त्यांच्या शोधनिबंधानं आणि पुढच्या काही वर्षांतल्या कामानं जे चित्र उभं केलं ते असं. जिवाणूत लॅक्टोज आत घेणाऱ्या आणि तोडणाऱ्या प्रथिनांची जनुकं ओळीनं एकामागे एक असतात आणि त्या सगळ्यांना मिळून एकच व्हॉल्व्ह असतो. त्यावर एक दमनकारी प्रथिन ठाण मांडून बसतं. लॅक्टोज आलं की त्यापासूनच तयार झालेला एक रेणू या प्रथिनाला चिकटतो, त्याचा आकार बदलतो, त्याची पकड सुटते आणि व्हॉल्व्ह उघडतो. लॅक्टोज संपलं की प्रथिन परत जागेवर. आणि ग्लुकोज हजर असेल तर लॅक्टोज असूनही व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही, कारण तो पूर्ण उघडायला दुसऱ्या एका मदतनीस प्रथिनाची गरज असते आणि ग्लुकोज असताना ते कामावर नसतं. मधल्या सपाट टप्प्यात जिवाणू लॅक्टोजची यंत्रसामग्री उभी करत असतो. साध्या डोळ्यांना न दिसणारा हा जीव 'ग्लुकोज नसेल आणि लॅक्टोज असेल तरच' असा हिशेब करतो, आणि तोही मेंदूवाचून. जाकोब, मोनो आणि त्यांचे वडीलधारे सहकारी आंद्रे ल्वोफ यांना १९६५ चं नोबेल मिळालं. त्या वेळी दमनकारी प्रथिन प्रत्यक्ष कुणीच वेगळं काढलेलं नव्हतं. ते पुढच्या वर्षी अमेरिकेत सापडलं.

हा व्हॉल्व्ह डोळ्यांनी पाहायचा असेल तर मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजी शिकणाऱ्या एखाद्या मुलीला विचारा. तिच्या प्रॅक्टिकलमध्ये काचेच्या चपट्या बशीत पिवळसर आगर ओतलेलं असतं. त्यात दोन गोष्टी मिसळतात. एक आयपीटीजी, म्हणजे लॅक्टोजचं सोंग घेणारा रेणू. जिवाणूला तो पचवता येत नाही, त्यामुळे तो संपत नाही आणि व्हॉल्व्ह उघडाच राहतो. दुसरा एक्स-गाल हा बिनरंगी पदार्थ. लॅक्टोज तोडणाऱ्या विकरानं हाही तोडला की निळा रंग सुटतो. बशीवर जिवाणू पसरून ती रात्रभर ३७ अंशांवर ठेवतात. सकाळी बशीवर टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके उगवलेले असतात, काही गडद निळे, काही दुधी पांढरे. निळ्यांत विकराचं जनुक शाबूत आहे. पांढऱ्यांत त्या जनुकाच्या मधोमध आपण घुसवलेला परका डीएनए बसलाय. विद्यार्थिनी काडीनं पांढरा ठिपका उचलते, कारण तिला हवा असलेला जिवाणू तोच.

संशोधक व्हॉल्व्ह शोधतात तेही याच तत्त्वावर. डीएनएचा एखादा तुकडा व्हॉल्व्ह असावा असा संशय आला की तो काजव्याच्या किंवा जेलीफिशच्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाला जोडतात आणि पेशीत सोडतात. कोणत्या पेशी चमकतात, किती आणि कधी, यावरून तो व्हॉल्व्ह कुठे उघडतो ते कळतं.

आधी वाढ, मग काम

व्हॉल्व्ह कळला की तो आपल्या सोयीनं फिरवण्याची इच्छा होणारच. १९८० पर्यंत मधुमेहींना मिळणारं इन्सुलिन डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं असे. १९७८ साली कॅलिफोर्नियात जेनेन्टेक आणि सिटी ऑफ होप या संस्थांच्या संशोधकांनी मानवी इन्सुलिनची जनुकं जिवाणूत घातली आणि त्यांना तोच जुना लॅक्टोजचा व्हॉल्व्ह जोडला. १९८२ मध्ये हे इन्सुलिन अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झालं. मोनोंच्या आलेखातल्या सपाट टप्प्यापासून औषधाच्या दुकानातल्या कुपीपर्यंत चाळीस-एक वर्षं गेली.

इथे कुणी विचारेल की व्हॉल्व्ह हवाच कशाला, इन्सुलिन सतत बनू द्या की. तसं केलं तर धंदा बुडेल. परकं प्रथिन बनवण्यात पेशीची सगळी ताकद जाते, ती वाढत नाही, आणि ज्या पेशी काम टाळतात त्या भराभर वाढून टाकी भरून टाकतात. म्हणून कारखान्यातला शिरस्ता असा की आधी पेशींना खाऊ-पिऊ घालून वाढू द्यायचं आणि टाकी दाट झाली की मगच व्हॉल्व्ह उघडायचा.

पिकिया नावाच्या यीस्टचं उदाहरण आपल्याला जवळचं आहे. या यीस्टला मिथेनॉलवर जगता येतं आणि त्यासाठी लागणाऱ्या विकराच्या जनुकाला फार जोरकस व्हॉल्व्ह असतो. ग्लिसरॉल मिळत असेल तर तो बंद असतो, मिथेनॉलवर उघडतो. या व्हॉल्व्हपुढे आपल्याला हवं ते जनुक जोडायचं. मोठ्या स्टीलच्या टाकीत यीस्टला आधी ग्लिसरॉल देतात, ते संपलं की नळीतून मिथेनॉल थोडं थोडं सोडायला लागतात. घाई केली तर मिथेनॉल साचून यीस्ट मरतं, शिवाय टाकी तापते आणि ऑक्सिजनची भूक एकदम वाढते, म्हणून कामगाराचा डोळा सतत मीटरवर असतो. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं १९९७ साली कावीळ-बीची पहिली भारतीय लस याच यीस्टमधून काढली. त्याआधी ही लस परदेशातून येई आणि सामान्य घराला परवडत नसे.

अशा व्हॉल्व्हांची जोडणी करून नवीन यंत्रणाच बांधता येईल का, याचं उत्तर २००० साली मिळालं. बोस्टनमध्ये एकमेकांना दाबणारी दोन जनुकं जोडून जिवाणूत दोन स्थिती धरून ठेवणारा खटका तयार झाला, तर प्रिन्स्टनमध्ये एकमेकांना चक्रानं दाबणारी तीन जनुकं जोडून ठरावीक काळानं लुकलुकणारे जिवाणू. उपयोग त्या वेळी शून्य होता. पण पेशीला आपण लिहिलेला कार्यक्रम चालवता येतो हे त्यांनी दाखवलं, आणि आजची कितीतरी कामं त्या पायावर उभी आहेत.

औषधाच्या डब्यातल्या किल्ल्या

डॉक्टरांनी मात्र या किल्ल्या नकळत केव्हाच वापरायला घेतल्या होत्या. दम्यासाठी दिलेली प्रेडनिसोलोनची गोळी पेशीत शिरून एका नियामक प्रथिनाला चिकटते. ते प्रथिन डीएनएपर्यंत जातं आणि सूज आणणाऱ्या कितीतरी जनुकांचं पाणी तोडतं. तिचा पूर्ण परिणाम दिसायला काही तास लागतात याचं कारण हेच. आणि तिचे दुष्परिणाम एवढे का, तेही यावरून कळतं : ही एक किल्ली शेकडो व्हॉल्व्हांना लागते. नको असलेलेही फिरतात, मग साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. स्तनांच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन अशाच एका नियामक प्रथिनाला, इस्ट्रोजेनच्या ग्राहीला, अडवून ठेवतं.

अलीकडच्या औषधांची दुसरी एक तऱ्हा आहे. व्हॉल्व्हला हात न लावता जनुकाची आरएनए नक्कलच वाटेत गाठून नष्ट करायची. वाईट कोलेस्टेरॉल कमी करणारं इन्क्लिसिरन हे इंजेक्शन यकृतात असं काम करतं आणि सुरुवातीच्या दोन डोसांनंतर वर्षातून दोनदाच घ्यावं लागतं. एकाच गल्लीत, एकाच नळापुरता नेम धरणं ही या नव्या औषधांची खरी कमाई. आणि तो नेम किती बारीक असू शकतो हे पाहायचं तर विदर्भात यावं लागेल.

बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत

गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, गोंदिया, मेळघाट, तिकडे खानदेशात नंदुरबार, या पट्ट्यात सिकलसेल हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. हिमोग्लोबिनच्या 'बीटा' साखळीच्या जनुकात एका अक्षराचा बदल होतो. असं जनुक आई आणि वडील दोघांकडून आलं तर ऑक्सिजन कमी झाल्यावर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य दुखणी सुरू होतात. इथे बिघाड नळातच आहे, व्हॉल्व्हमध्ये नाही.

तरीही असं बाळ जन्मतः ठणठणीत असतं. पहिले काही महिने आईला शंकासुद्धा येत नाही. साधारण सहा महिन्यांनंतर एके दिवशी हातापायांची बोटं सुजतात, बाळ रडून आकांत करतं, आणि मग तपासणीत निदान होतं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी १९४८ सालीच याचं कारण ताडलं होतं. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. त्यात 'बीटा'च्या जागी 'गॅमा' साखळी असते आणि ती आईच्या रक्तातून ऑक्सिजन खेचून घ्यायला जास्त तयार असते. जन्मानंतर गॅमाचा व्हॉल्व्ह हळूहळू बंद होतो, बीटाचा उघडतो. गॅमा वाहत असतो तोवर बीटातला दोष उघडा पडत नाही.

अकराव्या गुणसूत्रावर ही जनुकं ज्या क्रमानं वापरली जातात त्याच क्रमानं ओळीत उभी आहेत : आधी गर्भाच्या पहिल्या आठवड्यांचं, मग गॅमाची जोडी, शेवटी प्रौढपणीचं. गॅमा जनुकं आयुष्यभर तिथेच असतात, मोठ्या माणसात लॅक्टेजचं असतं तशी, निरोगी आणि बंद.

काही मोजक्या माणसांत ती जन्मभर थोडी उघडी राहतात. त्यांना सिकलसेल असला तरी त्रास कमी होतो. भारतात आढळणाऱ्या सिकलसेलच्या प्रकारातही गर्भाचं हिमोग्लोबिन सरासरीनं जास्त टिकतं, त्यामुळे आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा इथला आजार सौम्य असतो असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. सरासरीचं हे वाक्य नागपूरच्या वॉर्डात तळमळणाऱ्या मुलाला काही कामाचं नाही. इथेही तीव्र आजाराचे रुग्ण भरपूर आहेत.

किल्लीवाल्याची किल्ली

मग गॅमा बंद कोण करतं? इटलीच्या सार्डिनिया बेटासह काही ठिकाणच्या लोकांचा डीएनए तपासताना २००७-०८ मध्ये एका अनपेक्षित जनुकाकडे बोट गेलं : बीसीएल-११-ए. ते अकराव्या गुणसूत्रावरही नाही, दुसऱ्यावर आहे. बोस्टनमध्ये विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांनी २००८ साली दाखवलं की गॅमाचा व्हॉल्व्ह बंद करणारा किल्लीवाला म्हणजे याच जनुकाचं प्रथिन. २०११ मध्ये सिकलसेल असलेल्या उंदरांच्या तांबड्या पेशींतून हे प्रथिन काढून टाकलं आणि त्यांचा आजार हटला.

आता सगळ्या रुग्णांतून ते काढून टाका, असं म्हणावं तर पंचाईत होती. हाच किल्लीवाला मेंदूच्या जडणघडणीत आणि प्रतिकारशक्तीच्या पेशींतही कामाला असतो. त्याला नोकरीवरूनच कमी केलं तर दुसऱ्या आळ्यांची दैना. इथे पेशीतलं ते जाळं उपयोगी पडलं. बीसीएल-११-ए जनुकाला प्रत्येक आळीसाठी वेगवेगळे व्हॉल्व्ह आहेत. २०१३ मध्ये ऑर्किन यांच्याच गटातल्या डॅनियल बाउर यांनी फक्त तांबड्या पेशींच्या आळीतला व्हॉल्व्ह शोधून काढला. तो मोडला की तांबड्या पेशी घडताना किल्लीवाला पुरेसा तयार होत नाही, गॅमा उघडा राहतो, आणि मेंदूला धक्का लागत नाही.

मोडायचं साधन तयारच होतं. जेनिफर डाउडना आणि इमान्युएल शारपाँतिए यांनी २०१२ मध्ये मांडलेली, विषाणूंशी लढणाऱ्या जिवाणूंकडून उचललेली, क्रिस्पर ही कात्री. रुग्णाच्या रक्तातून मूळपेशी काढतात, प्रयोगशाळेत कात्रीनं त्या एका जागी छेद देतात. पेशी तो छेद सांधते, पण सांधताना काही अक्षरं इकडची तिकडे होतात आणि व्हॉल्व्ह निकामी होतो. मग तीव्र केमोथेरपीनं रुग्णाचा जुना अस्थिमज्जेतला साठा रिकामा करून या पेशी परत सोडतात. बिघडलेल्या बीटा जनुकाला कुणी हातही लावत नाही, ही या उपचारातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट.

कॅसजेव्ही नावाच्या या उपचाराला ब्रिटननं नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेनं त्याच डिसेंबरात मान्यता दिली. पुरेसा काळ पाहता आलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग बारा महिने तीव्र वेदनेचा एकही झटका आला नाही. केमोथेरपीमुळे पुढे मूल न होण्याचा धोका राहतो, आणि रुग्णालयात आठवडेच्या आठवडे काढावे लागतात, हेही त्याच पानावर लिहायला हवं.

अठरा कोटींचा व्हॉल्व्ह

अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटी रुपयांहून जास्त ठरली. गडचिरोलीतल्या धानोऱ्याच्या किंवा नंदुरबारमधल्या धडगावच्या ज्या घरात हा आजार आहे, त्याच्यासाठी हा आकडा वाचायचाही नाही. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेनं सिकलसेलसाठी क्रिस्परवर आधारित भारतीय उपचार तयार केला असून बिरसा मुंडांच्या नावानं त्याला 'बिरसा १०१' म्हटलं आहे. तो पुढे नेण्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी करार झाल्याचं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालं. किंमत खाली येईल, पण मूळपेशी काढणं, केमोथेरपी देणं आणि निर्जंतुक खोलीत ठेवणं स्वस्त औषधानं सुटत नाही. त्याला मोठं रुग्णालयच लागतं.

म्हणून माझी आशा गोळीवर जास्त आहे. नोव्हार्टिसच्या संशोधकांनी २०२४ मध्ये 'विझ' या दुसऱ्या एका किल्लीवाल्या प्रथिनाला पेशीतच नष्ट करवणारा रेणू प्रसिद्ध केला. तोंडानं दिल्यावर प्राण्यांत गर्भाचं हिमोग्लोबिन वाढलं. माणसासाठी औषध व्हायला वेळ आहे.

तोवर हाती आहे ती हायड्रॉक्सियुरिया. जुनी, स्वस्त, सरकारी दवाखान्यांतून मिळणारी. तीही गर्भाच्या हिमोग्लोबिनचा व्हॉल्व्ह थोडा उघडते, झटके कमी करते, आणि बरं वाटत असतानाही रोज घ्यावी लागते. ती चालू असताना रक्ततपासणी ठरल्या वेळी करायची असते आणि मूल हवं असेल तर डॉक्टरांशी आधी बोलायचं असतं. तुमच्या घरात किंवा ओळखीत सिकलसेलचा रुग्ण असेल तर एवढं करा : ही गोळी त्याला लिहून दिली आहे का ते विचारा, आणि दिली असेल तर दुखणं थांबलं म्हणून त्यानं ती मधेच सोडलेली नाही ना, ते पाहा.